विभक्त झाल्याची तारीख

कासेलच्या परदेशी नागरिक कार्यालयात
खोली दोनशे चौदा.
मी मधल्या खुर्चीत, दुभाषी.
माझं काम एवढंच: इकडचं तिकडे न्यायचं,
वाटेत काही सांडू द्यायचं नाही.

बाई वीझनर विचारतात
(आवाज वाईट नाही, नुसता सर्दीने बसलाय),
"तुम्ही दोघं वेगळे कधी झालात?"
फॉर्मवर आठ चौकोन:
दोन दिवसाला, दोन महिन्याला, चार वर्षाला.
एका छपराखाली तीन वर्षं भरली असली
तर नेस्तान इथे राहील.
ती नऊ मार्चला भरतात.

मी प्रश्न जॉर्जियनमध्ये आणून तिच्यापुढे ठेवते.
ती त्याच्याकडे बघत राहते
उतू जायला आलेल्या दुधाकडे बघावं तशी.

कधी?
नोव्हेंबरात फोल्कर फार घोरायला लागला
म्हणून ती सोफ्यावर झोपायला गेली.
घोरणं थांबलं. ती परत गेली नाही.
हे धरायचं का?
डिसेंबरात एका संध्याकाळी
त्याने एकट्यापुरता पाव आणला.
पण नाताळला दोघं त्याच्या आईकडे गेली,
म्हातारीने दोघांना एकाच लोकरीचे मोजे विणले होते
आणि दोघांनी ते तिथेच घालून दाखवले.
जानेवारीत तो ब्रेमेनला गेला. कामासाठी.
कामासाठीच, असं दोघंही शेजाऱ्यांना म्हणाली.
फेब्रुवारीत आला, वॉशिंग मशीनची गळकी नळी बदलली,
तिच्या हातचं राजम्याचं लोबियो दोनदा वाढून घेतलं,
रात्री उशिरापर्यंत कशावरून तरी हसली दोघं.
सकाळी निघताना किल्ली फ्रिजवर राहिली.
विसरला, की ठेवली?
वीजबिल अजून दोघांच्या नावाने येतं.

नेस्तान सगळं सांगते. मी सगळं नेते,
लोबियोसुद्धा.
बाई वीझनरचं पेन हवेतच.
"हो. पण तारीख?"

काडीमोड म्हणावं
तर काडी मोडताना आवाज व्हायला हवा.
ही ओली होती. वाकत गेली.

एकोणीस वर्षांपूर्वी मी पलीकडच्या खुर्चीत होते.
माझी तारीख मला पक्की ठाऊक होती,
तासासकट.
तरी पुढे अकरा महिने राहिले त्या घरात
भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी.
त्यालाही माहीत होतं मी कशाला थांबले आहे ते.
तो दर आठवड्याला भाडं घ्यायचा.
कसलं, ते कुठल्याच फॉर्मवर विचारत नाहीत.
मी मुदत पूर्ण केली, शिक्का मिळाला,
आणि जिन्यात बसून
बुटाची नाडी तीनदा सोडून तीनदा बांधली.

हे मी नेत नाही. हे कुणी विचारलेलं नाही.

बाई वीझनर फाईलमधून एक कागद काढतात.
फोल्करचं निवेदन, ब्रेमेनहून आलेलं.
मी श्वास रोखते. तो लबाड माणूस नाही,
म्हणूनच भीती.
आठही चौकोन रिकामे,
आणि खाली समासात, तिरक्या अक्षरात:
*तिला विचारा. तारखा तिच्या लक्षात राहतात.*

हे मी तिला वाचून दाखवते.
नेस्तान हसते, मग हसता हसता थांबते,
पर्समध्ये काहीतरी शोधते, सापडत नाही.
मग माझ्याकडे वळून, आमच्या भाषेत,
"तुम्ही काय लिहिलं असतं?"

नियम असा की खोलीत बोललेलं प्रत्येक वाक्य
पलीकडे न्यायचं.
मी नेते.

बाई वीझनर माझ्याकडे बघतात, पहिल्यांदाच माझ्याकडे.
पेनाला टोपण लावतात.
"मला जरा नाक शिंकरायचंय," म्हणतात,
आणि फॉर्म टेबलावर, पेन फॉर्मवर
ठेवून बाहेर जातात.
रुमालांचा डबा
टेबलावरच होता.